फेरी स्ट्रीटचे पट्टे

मंगळवार, ५ मार्च

ड्वेन सकाळी दुकानात शिरला तोच नगरपालिकेचा नकाशा नाचवत. त्याचा बार आमच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांच्या दारातला बर्फ ओढतोय. गेल्या उन्हाळ्यात पाण्याचे जुने पाइप बदलायला अख्खा फेरी स्ट्रीट खणून ठेवला होता. तो आता जूनमध्ये पक्का डांबरी होणार आणि मग त्यावर नवे पट्टे मारणार. त्या पट्ट्यांत आमच्या बाजूचं सगळं पार्किंग गायब! तिथे म्हणे सायकल ट्रॅक.

"सायकली! बेल रिव्हरसारख्या गावात!" ड्वेन ओरडला. "पाच महिने बर्फ, दोन महिने डास. चालवणार कोण, आर्डिस? तुझी आजी?"

"माझी आजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेली, आणि तोवर तुझ्यापेक्षा ताठ चालत होती," मी म्हटलं. पण नकाशा त्याच्या हातातून ओढून पुन्हा बघितला.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे म्हाताऱ्या बायका. दुरुस्तीला आणलेले त्यांचे व्हॅक्यूम क्लीनर आणि शिवणयंत्रं त्यांच्याहून जड. दारात गाडी लावून त्या हॉर्न वाजवतात आणि माझा नवरा नॉर्ब बाहेर जाऊन यंत्र उचलून आणतो. मागच्या पार्किंगमधून यायचं तर अकरा पायऱ्या आहेत. दारातली जागा गेली की या बायका हायवेवरच्या मोठ्या दुकानातून नवं यंत्र घेणार, नाहीतर काय करणार?

दुकान गेलं तरी आम्ही उपाशी मरणार नाही, पेन्शन आहे. भीती नॉर्बची आहे. त्याच्या वडिलांनी डेअरी विकली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आणि दोन वर्षांत पोराला ओळखेनासे झाले. नॉर्ब एकाहत्तरचा आहे. त्याचे हात चालताहेत तोवर डोकं चालणार. म्हणून दुकान चाललं पाहिजे, आणि म्हणून ती जागा राहिली पाहिजे.

नकाशा बघून नॉर्ब म्हणाला, "हं." लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. त्यातली निम्मी या "हं" मध्ये गेली असतील.

शुक्रवार, ८ मार्च

ड्वेनकडे मासे खायला गेलो, दर शुक्रवारी जातो तसे. बसल्यावर नॉर्ब मेन्यू माझ्याकडे सरकवून म्हणतो, "काय काय आहे, वाच जरा."

"बत्तीस वर्षं तेच आहे!"

"वाच की, तुझ्या तोंडून बरं वाटतं."

असलं गोड नॉर्ब कधी बोलत नाही. मी वाचलं. मग पलीकडच्या टेबलावरून पास्टरनी हात केला, तर हा नुसता बघत राहिला. हात नाही, मान हलवणं नाही. पास्टर बिचारे हात खाली घेऊन बटाटे खायला लागले. नॉर्बच्या वडिलांचंही इथूनच सुरू झालं होतं, माणसं न ओळखण्यापासून.

घरी येताना मीच गाडी चालवली. नॉर्बचा ट्रक हल्ली दुकानासमोरच असतो. "त्याच्या दारावर आपलं नाव आहे, फुकटची जाहिरात," असं त्याचं म्हणणं. सकाळी तो पायी जातो, हृदयाला चांगलं म्हणून. दोन मैल! फेब्रुवारीत लायसन्सचं नूतनीकरण करून आला तेव्हापासून हे खूळ आहे. ते नवं लायसन्सही मला दाखवलं नाही. फोटो भयंकर आलाय म्हणे. जसा काही आधीच्या फोटोत राजकुमार दिसत होता.

गुरुवार, १४ मार्च

नगरपालिकेची इंजिनियर येऊन गेली. टेसा लिंडग्रेन, वय अठ्ठावीसच्या वर नाही, बुटांना चिखल. मी सह्यांचा अर्ज तिच्यापुढे ठेवला, एकशे बारा सह्या. तिने शांतपणे सगळा वाचला.

"मिसेस कोलबेक, तुमच्या दारातली जागा दिवसात किती गिऱ्हाइकं वापरतात?"

"खूप."

"आकडा असेल तर नगरपालिकेच्या बैठकीत जरूर मांडा. आकड्यांना वजन येतं."

आगाऊ आहे, पण बोलली आदराने. एवढ्यात नॉर्ब मागच्या टेबलापासून उठून आला. मला वाटलं, आता हा तिला दोन शब्द सुनावणार.

"रुंदी किती ठेवणार ट्रॅकची?"

"सहा फूट. आणि गाड्यांच्या बाजूने खांब."

"नदीवरच्या पुलावरही?"

"पुलावर तर आधी, मिस्टर कोलबेक. पुलाचीच मला जास्त काळजी आहे."

"हं," म्हणाला आणि गेला परत टेबलाशी. ती गेल्यावर मी त्याला चांगलं झापलं. शत्रूला मापं कसली विचारतोस? तर म्हणे माप माहीत असलेलं बरं असतं.

सोमवार, २५ मार्च

आकडा पाहिजे काय? घे म्हणावं आकडा! मंगळवारपासून आजपर्यंत, रविवार सोडून, सहा दिवस मी दारातल्या जागेवर नजर ठेवली. नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता, ठरलेल्या वेळी मान वर करून बघायचं आणि कॅलेंडरवर खूण करायची. चोवीस वेळा बघितलं आणि चोवीस वेळा जागा भरलेली! एकदासुद्धा रिकामी नाही.

मिसेस गुंडरसनला तर गुरुवारी भर रस्त्यात गाडी थांबवावी लागली, चारही इंडिकेटर लावून. मागचे लोक हॉर्न मारून मारून वेडे झाले. आणि ती बाई ब्याऐंशी वर्षांची! आत्ता ही गत, तर जागाच नसेल तेव्हा काय होईल? हा प्रसंगही भाषणात घालणार आहे.

नॉर्बला खुणांचं कॅलेंडर दाखवलं. त्याने ते नाकाला लावलं, कडेने बघितलं, तिरकं धरलं आणि परत दिलं. "छान आहे," म्हणाला. मला रडूच आलं. कॅलेंडर कसं धरायचं हेही माणूस विसरतो का?

शनिवार, ३० मार्च

उद्या ईस्टर. हॅमसाठी मोठं पातेलं आणायला गॅरेजमध्ये गेले, तर जोलीनची शाळेतली जांभळी सायकल खुंटीवरून खाली काढलेली. टायरमध्ये हवा भरलेली, साखळीला तेल, पुढची टोपली पुसून लख्ख. पंचवीस वर्षं ती तिथे लटकत होती. पोरगी डेन्व्हरला जाऊन दोन मुलांची आई झाली तरी हा ती काढू देत नव्हता.

"चर्चच्या जुन्या बाजारात देणार वाटतं?" मी विचारलं.

"बघू," म्हणाला.

मनाने चांगलाच आहे हो तो. पण इतकी वर्षं जपलेली वस्तू अचानक देऊन टाकायची? शेवट जवळ आला असं वाटलं की माणसं अशी आवराआवर करतात, हे मी मासिकात वाचलंय. आता ते डोक्यातून जात नाही.

त्याच्या पँटच्या उजव्या पायाला काळं वंगण लागलेलं असतं. तीन पँटी झाल्या. कुठून चालतो देव जाणे, रेल्वेच्या रुळांवरून जातो की काय!

मंगळवार, ९ एप्रिल

ड्वेन आज हसत हसत आला. "आर्डिस, तुझ्या भाषणाला मसाला आणलाय! सकाळी पुलावर हे धुकं. आणि धुक्यात कोण, तर जांभळ्या सायकलवर एक म्हातारा! हुड ओढून, टोपलीत डबा ठेवून, बायकी सायकलवर. माझा आरसा त्याच्या बाहीला घासून गेला. अजून चार इंच, की गेला असता नदीत मासे मोजायला."

"वाचला ना पण?"

"वाचला. मी काच खाली करून असली शिवी घातली की सरळच झाला असेल."

मी हसले. खरंच हसले, पोट धरून. या गावात जांभळ्या सायकली तरी आहेत किती, चर्चच्या बाजारातून कोणी आमचीच नेली असेल, असंही म्हणाले. मागे नॉर्बच्या हातून स्क्रूंचा डबा पडला. शेकडो स्क्रू, टेबलाखाली, कपाटाखाली. मी वाकायला गेले तर म्हणाला, "राहू दे, मी उचलतो." गुडघ्यावर बसून अर्धा तास फरशी चाचपत एकेक वेचत होता. वर बघितलंच नाही.

रात्रीच्या जेवणाला ताटातलं तसंच ठेवलं. मी विचारलं, बरं नाही का? तर म्हणाला, "ड्वेन पुलावर फार जोरात जातो."

सोमवार, १५ एप्रिल

जोलीनला फोन केला. सगळं सांगितलं, पास्टर, कॅलेंडर, कपाबाहेर सांडणारी कॉफी, सुईत दोरा ओवायचा असला की माझ्याकडे ढकलणं. ती म्हणाली, "आई, डॉक्टरकडे ने. आजच ने."

नेईन. पण बैठक होऊ दे आधी. डॉक्टरने त्याच्या वडिलांच्या आजाराचं नाव एकदा उच्चारलं की ते खरं होणार, आणि मग मी कशाच्या जोरावर भांडू? भित्री आहे मी. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय!

बैठकीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी माझं नाव नोंदवलं आणि नॉर्बचंही. त्याचं भाषण एका कार्डावर लिहून दिलंय, माझ्या बारीक सुबक अक्षरात, दोन्ही बाजूंनी.

"मला नको गं बोलायला लावू."

"फक्त वाचायचंय! एवढंही होणार नाही का माझ्यासाठी?"

कार्ड घेऊन त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. "तुझ्यासाठी होईल," म्हणाला.

बुधवार, २४ एप्रिल

दुकान आज उघडलं नाही. स्वयंपाकघरात बसून लिहितेय. नॉर्ब मागच्या अंगणात आहे.

काल सभागृह खचाखच भरलं होतं. माझं नाव आधी आलं. टेबलावर छोटा दिवा असतो, हिरवा असेतो बोलायचं, पिवळा झाला की आवरायचं, लाल झाला की गप्प बसायचं. मी चांगली बोलले. मिसेस गुंडरसन सांगितली, अकरा पायऱ्या सांगितल्या, चोवीसच्या चोवीस खुणांचं कॅलेंडर उंच धरून दाखवलं. आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं कोणासाठी? धुक्यात जांभळी सायकल हाकणाऱ्या त्या एका खुळ्या म्हाताऱ्यासाठी?" सगळं सभागृह हसलं. ड्वेनने टेबल बडवलं.

मग नगरपालिकेच्या एका सभासदाने टेसाला विचारलं, हे आकडे बरोबर आहेत का? ती जरा घुटमळली. "आकडे बरोबर आहेत," म्हणाली, "जागा नेहमीच भरलेली असते." आणि तिने पडद्यावर फोटो लावले. सहा फोटो, सहा वेगळ्या तारखांचे. पहिल्यात छतावर बर्फ, दुसऱ्यात बर्फ वितळलेला, तिसऱ्यात पक्ष्यांची घाण. आणि सहाही फोटोंत तोच ट्रक, दारावर ठळक अक्षरात 'कोलबेक व्हॅक्यूम'.

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी सहा दिवस आमचाच ट्रक मोजत होते! तो तिथे नसता तर मिसेस गुंडरसन दारात गाडी लावून आरामात उतरली असती. रोज बघून बघून मला तो दिसायचाच बंद झाला होता. आणि हसू थांबायच्या आत क्लार्कने पुकारलं, "नॉर्बर्ट कोलबेक."

तो उठला. खुर्च्यांच्या पाठी चाचपत पुढे गेला. खिशातून कार्ड काढलं, डोळ्यांशी नेलं, बाजूला नेलं. हिरवा दिवा चालू होता. मी मनात म्हणत होते, वाच ना रे, वाच.

"हे माझ्या बायकोने लिहिलंय," तो म्हणाला. "छानच लिहिलं असणार. मला वाचता येत नाहीये. मला कडेचं दिसतं, मधलं नाही. तुमच्या चेहऱ्यांच्या जागी मला नुसता धुरकट डाग दिसतोय. फेब्रुवारीत लायसन्सच्या चाचणीला नापास झालो. तसाच ट्रक चालवत दुकानापर्यंत आलो, ते करायला नको होतं. दारात लावला आणि किल्ली स्क्रूंच्या खणात टाकली. तेव्हापासून तो तिथे आहे. यात तिची चूक नाही, तिला मी सांगितलंच नाही."

दिवा पिवळा झाला.

"यंत्रं मला हातांनी दिसतात, काम होतं. पण दुकानापर्यंत जायचं कसं? पायी गेलो, गुडघे राहिले. मग मुलीची सायकल काढली." तो ड्वेनच्या दिशेने वळला, म्हणजे टेबल बडवल्याचा आवाज आला होता त्या दिशेने. "तो खुळा म्हातारा मी आहे, ड्वेन. तुझा आरसा लागला तेव्हा मी कठड्याला धरून उभा राहिलो. पाच मिनिटं पाय हलेना. त्या मुलीने सहा फूट सांगितलंय. मला तीनही पुरतील."

लाल दिवा लागायच्या आधीच तो थांबला. कार्डाची नीट घडी घालून परत खिशात ठेवलं.

काही ठरलं नाही. एका सभासदाला आणखी विचार करायला वेळ हवा, म्हणून निर्णय चौदा मेवर ढकलला.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवलीच नाही. "चार इंच, नॉर्ब! चार इंच म्हणाला होता ड्वेन, आणि मी हसले होते. तू ऐकत होतास!"

"ऐकत होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मला माहीत होतं आणि त्यालाही. दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतं, त्याला खिडकीजवळ मऊ खुर्ची आणून दिली असती, पायांवर शाल घातली असती. आणि वर म्हटलं असतं की प्रेमापोटी करतेय.

"वडील बसले होते तिथे मला बसायचं नाही," तो म्हणाला.

"अरे, मला वाटलं तुझं डोकं जायला लागलंय! सहा आठवडे मी त्या भीतीने मेले!"

"डोकं?" तो हसला. "डोकं कुठे जातंय. तू आहेस ना ते खायला."

मी त्याच्या दंडावर एक ठेवून दिली. मग किल्ली फिरवली.

शुक्रवार, २६ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मधला डाग जाणार नाही, वाढू नये म्हणून डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची. सायकलचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, नॉर्बकडे बघितलं, आणि म्हणाले, "सावकाश, दिवसाउजेडी, आणि गाड्यांपासून लांब." गाड्यांपासून लांब! या गावात ती जागा कुठे आहे ते नाही सांगितलं.

स्क्रूंच्या खणातून किल्ली काढली आणि ट्रक मी स्वतः मागे नेऊन लावला. त्याखालची जमीन कोरडी, चौकोनी, पानांनी भरलेली होती. झाडून काढली. साडेदहाला मिसेस गुंडरसन आली, दारात गाडी लावली आणि हॉर्न वाजवला. नॉर्ब बाहेर जाऊन तिचं यंत्र घेऊन आला.

ड्वेन दोन दिवस इकडे फिरकला नव्हता. आज मासे खायला गेलो तर त्याने स्वतः ताटं आणून ठेवली, आणि नॉर्बसमोर उभा राहून मेन्यू वाचायला लागला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, किंमतींसकट. नॉर्ब म्हणाला, "मासेच आण." ड्वेन गेला तो आतच गेला, बिल घ्यायलाही आला नाही.

अर्जावरची माझी सही मी खोडली. अकरा पायऱ्यांची काळजी अजून आहेच. मागच्या बाजूला उतार बांधता येईल का, ते त्या टेसाला विचारणार आहे. मला सायकलवाली मात्र कोणी म्हणू नये.

सोमवार, २९ एप्रिल

गाडीने सोडते म्हटलं तर नॉर्बने ऐकलं नाही. "रोज सातला तू उठणार आहेस का?" मी आयुष्यात कधी सातला उठले नाही, हे त्याला ठाऊक आहे. "आणि तू सोडलंस तर मी गेलो असं होत नाही. तू नेलंस असं होतं."

मग आज उठले साडेसहाला. तो सायकलवर बसला आणि मी गाडीत बसून त्याच्या मागे, तीस फुटांवर, चारही इंडिकेटर लावून. घोड्याच्या चालीनेही नाही, गाईच्या चालीने. त्याचं चाक जरा डगमगलं की माझ्या तोंडून "येशू!" निघायचं. फेरी स्ट्रीटला वळलो तोवर माझ्या मागे आठ गाड्या साचल्या होत्या.

पुलावर हॉर्न सुरू झाले. मागच्याने खिडकीतून ओरडून विचारलं, "काय गं बाई, झोप लागली का?" मी काच खाली करून ओरडले, "माझा नवरा चाललाय कामाला! घाई असेल तर नदीतून जा!" आरशात बघितलं तर रांगेत चौथा ड्वेनचा ट्रक होता. त्याने हॉर्न मारला नाही. थोड्या वेळाने त्याचेही चारही इंडिकेटर लागले.

नॉर्बने मागे वळून बघितलं नाही. कठड्याला धरून एकदाही थांबला नाही. पूल संपला तेव्हा माझा जबडा दुखत होता, इतके दात आवळले होते.

दुकानाशी तो उतरला. मी शेजारी गाडी थांबवून काच खाली केली. वाटलं, आता काहीतरी बोलेल, सेहेचाळीस वर्षांत एकदा तरी. त्याने मान तिरकी करून कान दिला.

"तुझा एक इंडिकेटर गेलाय," म्हणाला. "टिकटिक फार भराभर होतेय. बल्ब असेल, मागचा."

उतरून बघितलं. मागचा डावा विझलेला होता.

दुपारी त्याने बल्ब बदलला. मी टॉर्च धरायला गेले, तर म्हणाला उजेड नको, बघायला गेलो की हात चुकतात. चौदा मेपर्यंत आणखी तेरा सकाळी आहेत. शनिवारी दुकान उघडं असतं तेही धरलेत. घड्याळाचा गजर सव्वासहाचा लावलाय.